कोवळे तारे आणि पाचपैकी गुण : सोलापुरातल्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

जानेवारी २०२३. गड्ड्याची जत्रा सुरू होती, त्यामुळे वर्ग निम्मा रिकामा. एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी खगोलभौतिकीचा ऐच्छिक पेपर शिकवते. तिसरं सेमिस्टर नुकतंच संपलं होतं आणि चौथ्याचे प्रकल्प ठरवायचे होते. प्रोजेक्टरवर एका तारकागुच्छाची आकृती लावली (आडवा ताऱ्यांचा रंग, उभं त्यांचं तेज), वरचं नाव झाकलं आणि विचारलं, "हा तारकागुच्छ तरुण की म्हातारा?"

"म्हातारा, मॅडम." सगळ्यांचं एकच उत्तर.

गुच्छ होता एनजीसी २२६४. एकशृंगी तारकासमूहातला, वय जेमतेम तीस ते पन्नास लाख वर्षं. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे, म्हणजे त्याच्यापुढे हा गुच्छ अजून पाळण्यातच. १९५६ मध्ये मर्ल वॉकर यांनी याच गुच्छाचं निरीक्षण करून दाखवलं होतं की यातले फिके, लाल तारे मुख्य क्रमाच्या रेषेवर, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणारे तारे आकृतीत जिथे रांगेनं बसतात तिथे, नाहीत, तिच्या वर आहेत. ते तारे अजून आकसत आहेत. त्यांच्या गाभ्यात हायड्रोजन पेटायचाय, म्हणून ते पसरट आणि त्यामुळे थोडे जास्त तेजस्वी दिसतात. यथावकाश ते खाली सरकून रेषेवर येऊन बसतील.

माझ्या विद्यार्थ्यांनी तीच आकृती पाहिली आणि त्यांच्या डोक्यात एकच खूण उमटली : रेषेच्या वर, उजवीकडे, रंग लाल, म्हणजे रेड जायंट (उतारवयात फुगलेला तारा), म्हणजे म्हातारा. पुस्तकातल्या आकृतीत रेड जायंट नेमके तिथेच असतात. तेवढं त्यांना पाठ होतं. पण रेड जायंट व्हायला आधी वरचे निळे तारे संपावे लागतात, आणि या आकृतीत ते निळे तारे वर ठळक दिसत होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

याच मुलांनी महिनाभरापूर्वी "मुख्य क्रमावरून वळण्याचा बिंदू आणि गुच्छाचं वय" या प्रश्नाचं उत्तर दोन-दोन पानं लिहिलं होतं. उत्तरपत्रिका मीच तपासल्या होत्या, आणि बहुतेकांना चांगले गुण दिले होते. त्याच सेमिस्टरला त्यांनी माझ्या शिकवण्याला पाचपैकी साडेचारच्या वर गुण दिले होते. तो छापील कागद आमच्या आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, फाइलमध्ये, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या दुसऱ्या निकषाखाली लावलेला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. मला गुण मिळाले होते, मुलांनाही मिळाले होते, आणि तारे कुणालाच वाचता येत नव्हते.

वर्ग कसा आहे

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे येणारी मुलं सोलापूर शहरातली, तशीच बार्शी, अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याची. काहींच्या घरी कन्नड बोलतात, काहींच्या घरी तेलुगू. कॉलेजात मराठी, पुस्तकात इंग्रजी. बी.एस्सी.पर्यंत बरीच मुलं नोट्सवरच आलेली असतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पहाटेच्या एसटीनं येऊन संध्याकाळी दुकानावर बसणाऱ्या मुलाला परीक्षेला नेमकं काय विचारतील हेच आधी कळायला हवं असतं.

मी त्यांना तेच देत होते. स्वच्छ स्लाइड्स, मुद्देसूद नोट्स, मागच्या प्रश्नपत्रिका. मुलं खूश होती. आणि माझं स्वतःचं संशोधन याच विषयावर, कोवळ्या गुच्छांवर. तरीही त्यातला एकही खरा आकडा मी कधी वर्गात आणला नव्हता. संशोधन एकीकडे, शिकवणं दुसरीकडे.

पुढच्या वर्षी काय बदललं

जुलै २०२३ मध्ये नवी बॅच आली. अठरा जण. मी ठरवलं, गुच्छांचं युनिट व्याख्यानानं सुरू करायचं नाही. ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणारं युरोपीय अवकाश संस्थेचं गाया यान २०१३ च्या डिसेंबरमध्ये गेलं, आणि त्याची तिसरी मोठी माहिती १३ जून २०२२ ला सगळ्यांसाठी खुली झाली. सुमारे १८० कोटी तारे आणि आकाशगंगांची नोंद, फुकट. सोलापुरातल्या मुलाला आणि केंब्रिजमधल्या मुलाला अगदी एकच फाइल मिळते. याहून मोठी संधी आपल्यासारख्या कॉलेजांना कुठली मिळणार?

प्रयोगशाळेत नऊ संगणक चालू होते, म्हणून दोघांत एक. टॉपकॅट नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून घेतलं. पहिलं काम : कृत्तिका या गुच्छाभोवतीचे दोन अंशांच्या परिघातले तारे उतरवून घ्या आणि त्यातले खरोखर कृत्तिकेचे कोणते ते शोधा. हजारो ठिपके. पुढचे-मागचे सगळे तारे एकत्र मिसळलेले. नुसत्या फोटोवरून ते वेगळे करता येत नाहीत.

मग ताऱ्यांची निजगती, म्हणजे आकाशात ते वर्षाला किती सरकतात ते, काढली : आडव्या अक्षावर पूर्व-पश्चिम सरक, उभ्यावर उत्तर-दक्षिण. मधोमध शून्याजवळ मोठा पसरट ढिगारा, आणि त्यापासून दूर, वर्षाला सुमारे २० आणि उणे ४५ मिलिआर्कसेकंदांच्या जागी (एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग), एक छोटा घट्ट ठिपका. मागच्या बाकावरून मोहोळची एक मुलगी एकदम म्हणाली, "मॅडम, दिंडी!"

पंढरपूरच्या वाटेवर आषाढात ज्यानं गर्दी पाहिलीय त्याला हे लगेच कळेल. रस्ताभर माणसं आपापल्या चालीनं जात असतात, आणि त्यातून एक दिंडी एकाच चालीनं, एकाच दिशेनं पुढे सरकत राहते. कपड्यांवरून ती ओळखू येत नाही, चालीवरून येते. त्या दिवसापासून आमच्या वर्गात गुच्छाच्या सदस्य ताऱ्यांना "दिंडी" हाच शब्द रूढ झाला. पंधरा वर्षं मी "कोमुव्हिंग ग्रुप" लिहून देत होते.

दिंडी वेगळी काढल्यावर तिच्या ताऱ्यांचा पॅरॅलॅक्स, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकल्यासारखा दिसतो तो कोन, पाहिला : ७.३५ मिलिआर्कसेकंदांच्या आसपास. हजार भागिले तेवढे, म्हणजे १३६ पार्सेक, सुमारे ४४० प्रकाशवर्षं. मग मी त्यांना या एका आकड्याचा इतिहास सांगितला. १९९७ मध्ये हिप्पार्कस उपग्रहानं कृत्तिकेचं अंतर सुमारे १२० पार्सेक दिलं, आणि ताऱ्यांच्या तेजावरून काढलेलं अंतर त्याहून बरंच जास्त येत होतं. वाद वर्षानुवर्षं चालला. २०१४ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यानं मोजून १३६ सांगितलं, मग गायानं तेच सांगितलं. मुलांनी आपल्या हातानं केलेला भागाकार एका खऱ्या वादाचा निकाल होता. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाल्यावरही कुणी उठलं नाही.

आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हे सगळं परत केलं असतं. विडी घरकुलातून येणारा एक मुलगा, घरी तेलुगू बोलणारा, वर्गात सहसा तोंड न उघडणारा. त्यानं कृत्तिकेची रंग आणि तेज यांची आकृती काढली (तेज 'प्रत' या आकड्यानं मोजतात) आणि ती उलटी आली : तेजस्वी तारे तळाला, फिके वर. वीस मिनिटं तो स्क्रीनकडे बघत बसला होता. मी दोनदा त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि दोन्ही वेळा जीभ चावून परत फिरले. शेवटी तोच शेजारच्याला म्हणाला, "सगळं उलटं लटकलंय रे." शेजारचा अक्कलकोटचा. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "प्रत म्हणजे नंबर. वर्गात पहिला नंबर म्हणजे हुशार, चाळिसावा म्हणजे मागचा. आकडा वाढला की तारा फिका." त्यानं अक्ष उलटा केला, आणि कृत्तिकेची रेषा सरळ उभी राहिली. वर डावीकडे निळे तारे, खाली उजवीकडे लाल, रेषा स्वच्छ. तो मुलगा हसला. "प्रतीचा आकडा कमी तर तेज जास्त" हे वाक्य माझ्या नोट्समध्ये कितीतरी वर्षं अधोरेखित होतं. त्यावर एकदाही कुणी प्रश्न विचारला नव्हता.

गुण घसरले

नोव्हेंबरमध्ये मुलांनी मोबाइलवर शिक्षकांना गुण द्यायचा फॉर्म भरला. माझा आकडा साडेतीनच्याही खाली आला. सोबत शेरे : "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात." "नोट्स मिळाल्या नाहीत." "गोंधळ वाटतो." एकानं लिहिलं होतं, "मागच्या वर्षीच्या मुलांना सोपं करून सांगितलं, आम्हाला नाही."

वाईट वाटलं, खूप वाटलं. डिसेंबरमध्ये आयक्यूएसीच्या समन्वयकांनी बोलावलं. ते माझ्या बाजूचेच होते, पण फाइलमध्ये कारण लिहावं लागणार होतं. समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की मी संशोधनात गुंतले म्हणून शिकवण्याकडे दुर्लक्ष झालं. दुसरे म्हणाले, उलट जो संशोधन करतो तोच चांगलं शिकवतो, तेव्हा काळजीचं कारण नाही. दोघांनीही अगदी मनापासून सांगितलं. पण खरं काय हे शोधायला हवं होतं, म्हणून मी पंधरा दिवस मागून घेतले आणि ताऱ्यांसाठी वाचते तसंच शिकवण्यावरचं संशोधन वाचायला बसले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर सापडलं. १९९६ मध्ये जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श यांनी संशोधन आणि अध्यापन यांचा संबंध तपासणारे ५८ अभ्यास एकत्र केले. सरासरी सहसंबंध निघाला ०.०६. म्हणजे जवळपास शून्य. चांगला संशोधक आपोआप चांगला शिक्षक होत नाही, आणि संशोधन केल्यानं शिकवणं बिघडतही नाही. बैठकीतले दोघेही सहकारी चूक होते. मीही होते, कारण इतकी वर्षं मी मनातून दुसऱ्या बाजूला होते. माझे गुच्छांवरचे शोधनिबंध माझ्या वर्गाला काहीच देत नव्हते. देऊ लागले ते तेव्हा, जेव्हा तीच माहिती मुलांच्या हातात गेली.

फॉर्मवरच्या गुणांवरून मुलं किती शिकली ते कळतं का, हा प्रश्न अवघड होता. १९८१ मध्ये पीटर कोहेन यांनी दाखवलं होतं की विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष शिकलेलं यांच्यात बऱ्यापैकी संबंध आहे, आणि जगभर असे फॉर्म भरले जातात त्यामागे याच प्रकारच्या निष्कर्षांचा आधार होता. पण २०१७ मध्ये बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी तेच जुने अभ्यास पुन्हा तपासले. लहान-लहान वर्गांवरच्या अभ्यासांनी आकडा फुगवला होता. तो परिणाम बाजूला काढल्यावर संबंध उरलाच नाही.

सगळ्यात जास्त खोल गेला तो स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांचा २०१० चा अभ्यास. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थी कुठल्या प्राध्यापकाकडे जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. तिथे दिसलं की ज्या प्राध्यापकांना जास्त गुण मिळाले त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या सत्राच्या परीक्षेत चांगलं केलं, पण त्यापुढच्या, वरच्या अभ्यासक्रमांत ते मागे पडले. हे वाचताना मला जानेवारी २०२३ चा तो वर्ग दिसत होता.

हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास तर अगदी माझ्याच फॉर्मवर लिहिल्यासारखा. स्वतः प्रश्न सोडवायला लावलेल्या मुलांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण "आपण किती शिकलो" असं विचारल्यावर त्यांनी ओघवतं व्याख्यान ऐकलेल्या मुलांपेक्षा कमी सांगितलं. डोक्याला ताण पडतो तेव्हा माणसाला वाटतं आपल्याला जमत नाहीये. ऐकताना सगळं सोपं जातं, तेव्हा वाटतं कळलं. कुस्तीच्या आखाड्याबाहेर उभं राहून सगळे डाव समजतात, तसं.

म्हणून मुलांचे शेरे खोटे होते का? मुळीच नाही. गोंधळ वाटला, तो खराच वाटला होता. आणि आणखी दोन तक्रारी होत्या, त्या तर शंभर टक्के बरोबर होत्या. शेवटचं युनिट, न्यूट्रॉन तारे आणि श्वेत बटू, मी दिवाळीनंतर चार जादा तासांत उरकलं. आणि दोघांत एक संगणक असल्यावर एकजण करतो, दुसरा बघतो, आणि बघणारा बहुतेक वेळा मुलगीच होती. हे मला सप्टेंबरमध्येच दिसायला हवं होतं.

बाईच्या शिकवण्याला कमी गुण पडतात का, हेही कुणीतरी विचारलं. २०१५ मध्ये उत्तर कॅरोलिनातला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला : ऑनलाइन शिक्षक तेच, पण काही गटांना नाव पुरुषाचं सांगितलं, काहींना बाईचं. पुरुष समजलेल्याला जास्त गुण मिळाले. माझा आकडा त्यामुळे घसरला असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षी मी बाईच होते आणि साडेचार मिळाले होते.

वायू गेल्यावर

जानेवारी २०२४ मध्ये एका विद्यार्थ्याच्या शेतावर हुरडा होता, नान्नजच्या पुढे. शहराचा उजेड मागे राहिला. साडेआठच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर होती, पूर्वेला मृग. दुर्बीण फक्त एक, साधी, हातातली. आळीपाळीनं सगळ्यांनी मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ पाहिला. तिथला गुच्छ दहा-वीस लाख वर्षांचा, अजून वायूत गुरफटलेला.

शेकोटीपाशी बसून मी गुच्छांच्या मरणाबद्दल सांगत होते. तारे वायूच्या ढगात जन्मतात, पण ढगातला थोडाच वायू ताऱ्यांत जातो. उरलेला वायू मोठ्या ताऱ्यांच्या प्रखर प्रकाशानं आणि वाऱ्यानं उडून जातो. त्याच्याबरोबर त्याचं गुरुत्वही जातं. निम्म्याहून जास्त वस्तुमान एकदम गेलं तर गुच्छ सुटतो, तारे आपापल्या वाटेनं निघून जातात. हळूहळू गेलं तर काही गुच्छ सावरतात. चार्ल्स आणि एलिझाबेथ लाडा यांनी २००३ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा ढगात जन्मलेल्या गुच्छांपैकी कृत्तिकेच्या वयापर्यंत बांधलेले राहतात ते जेमतेम ४ ते ७ टक्के. कृत्तिका दहा-बारा कोटी वर्षं टिकलीय.

विडी घरकुलातला तो मुलगा म्हणाला, "मॅडम, वायू असताना सगळेच गुच्छ बांधलेले दिसणार. मग कुठला टिकणार ते आत्ताच कसं सांगायचं?"

मी उत्तर दिलं : ताऱ्यांचे वेग मोजायचे, आणि फक्त ताऱ्यांचं वस्तुमान धरून बघायचं की तेवढं गुरुत्व त्यांना धरून ठेवेल का. वायू हिशोबात घ्यायचा नाही. उत्तर देता देता माझ्या लक्षात आलं की समितीला काय सांगायचं ते मला या मुलानं दिलंय. फॉर्म आम्ही सेमिस्टर संपताना भरून घेतो. तेव्हा मी वर्गात असते, नोट्स हातात असतात, परीक्षा तोंडावर असते. तेव्हा सगळंच बांधलेलं दिसतं.

मार्चमध्ये, युनिट संपून पाच महिने झाल्यावर, न सांगता एक कागद दिला. तीच एनजीसी २२६४ ची आकृती, नाव झाकलेलं. सोबत एम ६७ या दुसऱ्या गुच्छाची, जो सुमारे चारशे कोटी वर्षांचा आहे. कुठला तरुण, आणि कशावरून? अठरापैकी तेराजणांनी २२६४ तरुण सांगितला, आणि बहुतेकांनी निळ्या ताऱ्यांकडे बोट दाखवून सांगितला. दोन वेगळ्या बॅचची तुलना करून मी काही सिद्ध केल्याचा दावा करत नाही, एवढ्या लहान वर्गात तो करताही येत नाही. पण हे कागद मी समितीपुढे ठेवले. समितीनं माझा आकडा बदलला नाही, तो तसाच फाइलमध्ये आहे. मात्र आमच्या विभागापुरतं ठरलं की प्रत्येक पेपरसाठी तीन महिन्यांनंतरची अशी एक छोटी चाचणी घ्यायची आणि ती फॉर्मशेजारी लावायची. आणि नव्या बॅचला पहिल्याच तासाला सांगायचं की इथे डोक्याला ताण पडेल आणि तो का पडेल. डेलॉरिए यांच्या अभ्यासातही असं सुरुवातीलाच सांगितल्याचा उपयोग झाला होता.

उरलेल्या पाचांपैकी एक कागद मोहोळच्या मुलीचा होता. तिनं तरुणही लिहिलं नव्हतं आणि म्हातारंही. तिनं लिहिलं होतं, "दिंडी वेगळी केलीय का ते आकृतीवर लिहिलेलं नाही. पुढचे-मागचे तारे मिसळले असतील तर वय सांगता येणार नाही." मी आधी शून्य दिलं होतं. संध्याकाळी घरी कागद पुन्हा काढला, आणि मूळ फाइल उघडून बघितली. आकृती घाईत केली होती. सदस्य मी खरंच वेगळे केले नव्हते. शून्य खोडलं आणि पूर्ण गुण दिले. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगितलं, आणि नवी आकृती काढायचं काम तिच्याकडेच दिलं, एकटीला, एका संगणकावर.